अण्णांची ‘सिंफनीला एक लाख’ ही इच्छा : पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कसे?

अनगोळची वाचक (धागाकर्ती)

नमस्कार. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गेल्या चैत्रात मुंबईत वारले. ते अविवाहित होते. विम्याच्या कचेरीत कारकुनी करत त्यांनी सारे आयुष्य गिरगावातील एका खोलीत काढले आणि गणपतीला तेवढे ते बेळगावच्या अनगोळला येत. त्यांचे सामान आवरताना आम्हा दोघी बहिणींना करदंटाच्या एका जुन्या खोक्यात नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातील कार्यक्रमांची तिकिटे रबरबँडने बांधून ठेवलेली सापडली. बहुतेक तिकिटे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या पाश्चात्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदाच्या मैफलींची आणि सगळी सर्वांत स्वस्त आसनांची होती. खोक्याच्या तळाशी डायरीतून फाडलेल्या एका पानावर तीनच शब्द होते : ‘सिंफनीला एक लाख’. खाली तारीख नाही आणि सहीही नाही.

अण्णांना एकही वाद्य वाजवता येत नव्हते आणि आम्हा बहिणींना या संगीताचा गंध नाही. धाकटीचे म्हणणे असे, की एवढ्या रकमेत इकडच्या एखाद्या शाळेचे छप्पर दुरुस्त होईल आणि मुंबईतल्या वातानुकूलित सभागृहाला आपल्या लाखाची काय गरज असणार. मला अण्णांचा शब्द मोडवत नाही, पण तिचे म्हणणे चूक आहे असेही म्हणता येत नाही. जाणकारांनी सल्ला द्यावा.

खडेबाजार

आपली धाकटी बहीण योग्य बोलते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सीमाभागातील मराठी वाचनालये आणि मराठी शाळा कोणत्या स्थितीत चालतात, हे येथे कोणाला सांगायला नको. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 पासून उभे आहे ते वर्गणी आणि देणग्यांवर. मुंबईच्या श्रीमंत श्रोत्यांनी आपला शौक आपल्या पैशाने पुरवावा. शिवाय ‘ऑफ इंडिया’ असे नाव असले तरी तो सरकारी वाद्यवृंद नाही, हेही लक्षात घ्यावे.

बोस्टनहून बेळगावकर

खडेबाजार यांच्या शेवटच्या वाक्यातच खरे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. तो सरकारी नाही, म्हणूनच त्याला देणगी लागते. एनसीपीए ही संस्था 1969 साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तेथील खुश्रू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांना बरोबर घेऊन 2006 साली हा वाद्यवृंद उभा केला. जर्मनीत अशा वाद्यवृंदांचा मोठा भार शासन उचलते, आपल्याकडे तशी सोय नाही.

मी ज्या शहरात राहतो तेथील वाद्यवृंद 1881 साली हेन्री ली हिगिन्सन नावाच्या एका पेढीवाल्याने काढला आणि 1918 पर्यंत दरसालची तूट तो स्वतःच्या खिशातून भरत राहिला. तो गृहस्थ बाजूला झाल्यावर तो बोजा गावातील अनेकांनी वाटून घेतला. येथे आता एकेका वादकाच्या खुर्चीसाठी कायमनिधी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारा निधी, दिला जातो आणि कार्यक्रमपत्रिकेत त्या खुर्चीपुढे दात्याचे नाव छापतात. वादक निवृत्त झाला तरी खुर्ची त्या दात्याच्याच नावाने राहते.

कुंदाप्रेमी

आपल्याकडे देवळातील पंख्याच्या पात्यांवर दात्याचे नाव रंगवतात. पंखा सुरू झाला की नाव दिसत नाही आणि नाव वाचावे तर उकडते. खुर्चीची कल्पना त्यापेक्षा बरी दिसते.

तबल्याचा ठेका

मी शहापुरात गेली अनेक वर्षे तबला शिकवतो, त्यामुळे माझे मत पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 सालचा आणि आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. गायक, तबलजी, पेटीवाला आणि मागे तंबोरे एवढ्या सरंजामात आपल्याकडची मैफल रात्रभर चालते. जे संगीत ऐकवायला ऐंशी-नव्वद माणसे लागतात ते या देशाला परवडणारे आहे का, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. माझ्या वर्गातील मुलांना जोडी विकत घेणे जड जाते. एका लाखात अशी कित्येक मुले तालावर येतील.

उद्यमबागेतला लेथवाला

गुरुजी, आपल्या मुद्द्याला मी माझ्या धंद्यातून उत्तर देऊ पाहतो. माझ्या वडिलांच्या काळी साध्या लेथवर कारागीर दिवसभर राबून जेवढे नग काढत असे, तेवढे आज संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र जेवणाच्या सुट्टीआधी काढते. म्हणून कामगाराचा पगार वाढला तरी नगाची किंमत आवाक्यात राहते. बीथोवनच्या नवव्या सिंफनीला मात्र 1824 साली जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच आजही लागतो. सत्तर मिनिटांची रचना पस्तीस मिनिटांत उरकली तर उत्पादन दुप्पट झाले असे कोणी म्हणणार नाही. पगार मात्र बाहेरच्या जगाप्रमाणे वाढवावाच लागतो, नाहीतर वादक दुसरीकडे जातो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली नेमके हेच मांडले होते. ते वाचले तेव्हा माझ्या फाउंड्रीशेजारी बसून कोणीतरी लिहिले असावे असे मला वाटले.

आता तिकिटांचा हिशेब पाहा. एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात सुमारे 1100 आसने आहेत. रंगमंचावर 85 वादक धरले तर सभागृह पूर्ण भरूनही एका वादकाच्या वाट्याला जेमतेम तेरा तिकिटे येतात. त्या तेरा तिकिटांत वादकाचे मानधन, परदेशी वादकाचा प्रवास आणि मुक्काम, तालमींचे दिवस, कंडक्टरचे मानधन, वाद्यांचा विमा आणि सभागृहाची वीज बसवायची आहे. तिकीट महाग करावे तर अण्णांसारखा माणूस दाराबाहेर राहतो. म्हणजे अण्णा वर्षानुवर्षे जे स्वस्त तिकीट काढत आले, त्याची उरलेली किंमत दुसरा कोणीतरी दाता भरत होता. अण्णांना ते ठाऊक असावे, असा माझा तर्क आहे.

अनगोळची वाचक

लेथवाले दादा, हा विचार मला सुचलाच नव्हता. अण्णा हिशेबाचे अतिशय पक्के होते. चहाचे दोन रुपये कोणाचे राहिले तरी गणपतीला आल्यावर आठवणीने परत करत.

निवृत्त बँडमन

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे आणि निवृत्तीनंतर कॅम्पजवळ राहतो. तबल्याचा ठेका यांच्याविषयी आदर राखून सांगतो, की हे संगीत आपल्या गावाला परके आहे ही समजूत चुकीची आहे. रेजिमेंटल सेंटरच्या परेड मैदानावरून येणारा बँडचा आवाज ऐकतच या शहरातील कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांची मुले भरती झाली, पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये पाच रेघांची स्वरलिपी शिकली आणि ती वाचून वाजवू लागली. मीही त्यांतलाच एक आहे. घरी नांगराशिवाय दुसरे कोणतेही यंत्र न पाहिलेला मुलगा बी-फ्लॅट क्लॅरिनेट हातात धरतो तेव्हा त्याला सुरुवातीला सहा महिने फक्त ओठ कसे धरायचे हेच शिकवतात.

देणगी कुठे जाते हे बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. क्लॅरिनेटचा आवाज निघतो तो वेताच्या एका पातळ पातीतून, तिला आम्ही रीड म्हणतो. वाजवण्यापूर्वी ती जिभेवर भिजवावी लागते. खोक्यातील दहा रीडपैकी तीन-चार मनासारख्या निघाल्या तर नशीब समजायचे. चांगली निघालेली रीडही काही आठवड्यांत मऊ पडते आणि सूर खाली उतरू लागतो. ओबो या दुसऱ्या फुंकवाद्याच्या वादकांचे हाल याहून वाईट असतात, कारण ते आपली रीड चाकूने तासून स्वतःच तयार करतात आणि संपूर्ण वाद्यवृंद सूर मिळवतो तो त्या ओबोच्या स्वरावर. मुंबईच्या दमट हवेत हे सगळे अधिकच बिघडते. सेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचे लाकूड फुगते आणि तारा गंजतात. सभागृह वातानुकूलित ठेवायचे ते श्रोत्यांच्या लाडासाठी असते असे कोणी समजू नये.

चोर्ला घाट

बँडमन साहेबांच्या मुद्द्यात भर घालतो. घाट उतरून आमच्या गोव्याच्या बाजूला आलात तर चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासून आहे. तेथे शिकलेली माणसे मुंबईला गेली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मैफली केल्या आणि त्यांत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. त्याआधी 1935 साली झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. वादक होते आणि हौसही होती, पण त्या दोन्ही वाद्यवृंदांना दीर्घकाळ पोसणारा निधी मागे नव्हता. आजच्या वाद्यवृंदाचे तसे होऊ नये असे वाटत असेल तर कोणाला तरी हात खिशात घालावा लागेल.

खडेबाजार

इतिहास मान्य आहे. परंतु माझ्या माहितीप्रमाणे या वाद्यवृंदात मोठ्या संख्येने कझाकस्तानचे आणि इतर परदेशी वादक असतात आणि त्यांतले अनेक फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या हंगामापुरते येतात. अनगोळच्या कारकुनाचे पैसे विमानाच्या तिकिटांत जावेत, हे मला पटत नाही.

बोस्टनहून बेळगावकर

हा आक्षेप रास्त आहे आणि मुंबईतही तो अनेकदा घेतला गेला आहे. मात्र वादक आकाशातून पडत नाहीत. व्हायोलिनवर वाद्यवृंदाच्या दर्जाचा हात बसायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि ते शिक्षण लहानपणीच सुरू व्हावे लागते. म्हणून 2012 साली त्याच वाद्यवृंदाने लहान मुलांसाठी संगीत अकादमी सुरू केली आणि बाहेरून आलेले वादकच तेथे शिकवू लागले. परदेशी वादकाचे मानधन हा एका अर्थाने गुरुदक्षिणेचाच भाग आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला तेव्हा ते बाहेरून आलेले आहेत असा हिशेब केला असता तर जयपूर घराणे आपल्याकडे रुजले नसते.

कुंदाप्रेमी

वादकांना पैसे न मिळाल्यास काय होते ते संगीतकार हायडनने 1772 साली दाखवून दिले आहे. राजेसाहेब वादकांना घरी जाऊ देईनात, तेव्हा त्याने अशी सिंफनी रचली की शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि अखेरीस दोन व्हायोलिने उरतात. आमच्या गल्लीतील गणेशोत्सवाच्या बैठकीत वर्गणीचा विषय निघाला की हाच प्रकार घडतो, फक्त शेवटी दोन व्हायोलिने नसतात.

खानापूरची मास्तरीण

हायडनचे वादक पगारासाठी नव्हे, रजेसाठी अडून बसले होते, एवढी दुरुस्ती करून मूळ विषयावर येते. मी मराठी शाळेत शिकवते आणि आमच्या वर्गात पावसाळ्यात बादली ठेवावी लागते, त्यामुळे खडेबाजार यांचा मुद्दा मला पोटातून कळतो. तरीही मी म्हणेन की अण्णांच्या पैशाने आमचे छप्पर दुरुस्त करू नका. छप्पर हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी आम्ही भांडत राहू. एखाद्याने आयुष्यभर ज्यावर प्रेम केले त्याला ठेवलेला पैसा अधिक गरजू वाटणाऱ्या दुसऱ्या कामाकडे वळवायचा, हे तत्त्व एकदा मान्य केले तर वाचनालयाला दिलेले पैसेही कोणीतरी दवाखान्याकडे नेईल, कारण दवाखाना नेहमीच अधिक गरजू असतो.

शिवाय कला आणि देणगी यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही. 8 जुलै 1921 रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले तेव्हा कलेने टिळक स्वराज्य फंडाला हात दिला होता. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, पुढे त्याच एनसीपीएचे मानद संचालक झाले आणि आपल्या प्रतिष्ठानाच्या मार्फत देणग्या कशा द्याव्यात याचा वस्तुपाठही त्यांनी घालून दिला. तेव्हा ती वास्तू फक्त मुंबईच्या श्रीमंतांची आहे, असे निदान बेळगावकराने म्हणू नये.

खडेबाजार

मास्तरीणबाईंपुढे मी या मुद्द्यावर माघार घेतो. दवाखान्याचा दाखला बिनतोड आहे.

निपाणीचा करसल्लागार

भावनेचा निवाडा आपण करालच, मी व्यवहाराचे सांगतो. मृत्युपत्राला कर्त्याची सही आणि दोन साक्षीदार लागतात. डायरीच्या त्या पानाला कायद्याने मृत्युपत्र म्हणता येणार नाही. म्हणजे पैसा वारस म्हणून आपणा दोघी बहिणींचा आहे आणि देणगीही आपलीच ठरेल. त्यामुळे आधी धाकट्या बहिणीची संमती घ्या, तीही लेखी.

दुसरे असे, की देण्यापूर्वी देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी संस्थेची नोंदणी (1961 च्या आयकर कायद्यातील 80जी) चालू आहे का ते पाहावे. अशा संस्थांना दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा असते. मात्र ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत असाल तर करसवलतीचा विचार सोडून द्या. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देऊ नका, धनादेशाने किंवा बँकेतून द्या आणि वर्ष संपल्यावर संस्थेकडून देणगीचे अधिकृत प्रमाणपत्र मागून घ्या. माझ्या एका अशिलाने एका न्यासाला मोठी रक्कम दिली आणि नुसत्या पावतीवर समाधान मानले. संस्थेने विवरणात त्याचा पॅन चुकीचा भरला होता आणि तो गृहस्थ वर्षभर पत्रे लिहीत बसला.

तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. रक्कम कायमनिधीत जावी असे वाटत असेल तर तसे देणगीच्या पत्रात स्पष्ट लिहावे लागते, अन्यथा ती चालू खर्चात धरली जाते. एका लाखाचे व्याज वर्षाला सहा-सात हजारांच्या आसपास येईल, त्यात फार काही होणार नाही. म्हणून मी चालू खर्चासाठीच द्या असे सुचवीन, मात्र कोणत्या कामासाठी ते लिहून.

उद्यमबागेतला लेथवाला

कंपन्यांवर 2013 च्या कायद्याने सामाजिक दायित्वाचा दोन टक्के खर्च बंधनकारक झाला आणि त्या यादीत कला आणि संस्कृतीही आहे. परंतु पाच कोटी नफ्याच्या किंवा तशाच मोठ्या मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांनाच तो लागू होतो आणि आमच्यासारखी वर्कशॉप त्यात येत नाहीत. मोठ्या कंपन्याही शाळा आणि आरोग्य यांना आधी देतात, कारण अहवालात त्याचे छायाचित्र चांगले येते. सराव करणाऱ्या मुलीचे छायाचित्र दहा वर्षे तसेच दिसते. म्हणून साध्या माणसाच्या लाखाला येथे वजन आहे.

तबल्याचा ठेका

छायाचित्राचा मुद्दा मला पटला. माझ्याही वर्गात पहिली पाच वर्षे दाखवण्यासारखे काही नसते. मी विरोध मागे घेतो, मात्र परवडण्याचा प्रश्न मागे घेत नाही.

अनगोळची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट आधी लिहायची राहिली, कारण तिचा अर्थ आम्हाला लागला नव्हता. काही तिकिटांच्या मागे पेन्सिलीने उभ्या रेघा मारलेल्या आहेत, चार उभ्या आणि पाचवी आडवी, जशा आपण पोती मोजताना मारतो. सुरुवातीच्या तिकिटांवर रेघा थोड्या आहेत, पुढच्यांवर वाढत गेल्या आहेत, मध्ये एका वर्षी कमीही झाल्या आहेत. धाकटीला वाटले की अण्णा पैशाचा काही हिशेब ठेवत असतील.

कुंदाप्रेमी

सिंफनीचा एक भाग संपला की टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी काही जण वाजवतातच. अण्णा त्यांची गणती करत असावेत.

निवृत्त बँडमन

ताई, माझा अंदाज वेगळा आहे. मी स्वतः दोनदा ती मैफल ऐकली आणि दोन्ही वेळा वादक येऊन बसत असताना नकळत एकच गोष्ट मोजली, की यांत आपली मुले किती. वरच्या सज्जातून, जिथे स्वस्त तिकिटे असतात, तिथून शेवटच्या रांगेतले चेहरेही दिसतात. दुसरे काही लिहिलेले आहे का ते एकदा पाहावे.

अनगोळची वाचक

आज दुपारी सगळी तिकिटे अंगणातील उजेडात नेऊन पाहिली. एका तिकिटावर रेघांच्या शेजारी अतिशय बारीक अक्षरात लिहिले आहे : ‘दोन नवीन. एक मुलगी, सेलो.’ बँडमन काका, आपलाच अंदाज खरा असावा. धाकटीने ते वाचले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. मग संमतीचा कागद तिनेच आणून सही केली.

रक्कम पूर्ण एक लाखच देत आहोत. चालू खर्चासाठी आणि भारतीय वादकांच्या शिक्षणासाठी ती वापरावी, असे पत्रात लिहायचे ठरले आहे. करसल्लागार साहेब, पावती अण्णांच्या नावाने मिळेल का?

निपाणीचा करसल्लागार

पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याच नावाने येईल. अण्णांच्या स्मरणार्थ दिल्याचा उल्लेख पत्रात करा, तो त्यांच्या नोंदीत राहील.

अनगोळची वाचक

ठीक आहे. सप्टेंबरच्या हंगामाला आम्ही दोघी रात्रीच्या बसने जाणार आहोत, तिकिटे सज्जातलीच काढू. पेन्सिल बरोबर घेते आहे.

कुंदाप्रेमी

पेन्सिलीला टोक घरूनच करून न्या. त्या शांततेत टोक करण्याचा आवाजही ओबोवाल्याला ऐकू जाईल.